कळतं पण वळत नाही? कब्बालातल्या ‘दआत’कडे जाण्याची सुरुवात

‘कळतं पण वळत नाही’ हे आपण इतक्या सहज बोलून जातो की त्यातल्या प्रश्नाकडे लक्षच जात नाही. रागाने घर पोळतं हे कळतं, तरी आवाज चढतो. आयुष्य थोडं आहे हे कळतं, तरी दिवस वाया जातात. कळणं आणि वळणं यांच्यामध्ये काय असतं? कुठला सांधा निसटलेला असतो?

यहुदी गूढविद्येने, म्हणजे कब्बालाने, या मधल्या जागेचा फार खोलवर विचार केला आहे आणि तिला नाव दिलं आहे ‘दआत’. उच्चार करताना ‘द’नंतर किंचित थांबून ‘आत’ म्हणायचं. हिब्रूमध्ये याचा साधा अर्थ ज्ञान. जीवनवृक्षाच्या आकृतीत दहा सेफिरा, म्हणजे देवाच्या प्रकट होण्याच्या दहा रीती, असतात आणि दआत त्यांच्यात असूनही सहसा मोजली जात नाही, म्हणून तिला ‘लपलेली सेफिरा’ म्हणतात. लपलेली म्हटलं की काही गुप्त माहिती मिळेल, एखादं दार उघडेल अशी आशा वाटते. मला मात्र परंपरेतली वचनं वेगळंच सांगताना दिसतात. दआत म्हणजे जे आधीच ठाऊक आहे त्याच्याशी माणूस जोडला जाणं. हे जोडलं जाणं बाहेरून दिसत नाही, वागण्यातूनच कळतं.

हा लेख अगदी नवख्यांसाठी आहे. हिब्रू येत नसलं तरी चालेल. एक वही आणि रोजची थोडी शांत वेळ एवढं पुरे.

पहिली पायरी : कुठल्या वाटेने जायचं ते ठरवा

इंटरनेटवर दआत शोधलं की पहिल्या झटक्यात काळी दरी, पाताळाचं दार, पलीकडच्या अंधाऱ्या झाडाची उलटी बाजू असलं बरंच काही समोर येतं. नवखा माणूस इथेच भरकटतो, कारण तीन वेगवेगळे प्रवाह एकाच नावाखाली मिसळलेले असतात.

मूळ प्रवाह यहुदी आहे. बाराव्या-तेराव्या शतकात दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्समध्ये आणि स्पेनमध्ये तो आकाराला आला. आपल्याकडे ज्ञानेश्वरी सांगितली गेली साधारण त्याच सुमारास स्पेनमधल्या कास्तीलमध्ये अरामी भाषेतला ‘झोहर’ हा महाग्रंथ लोकांच्या हाती येऊ लागला. परंपरा तो दुसऱ्या शतकातल्या रब्बी (यहुदी धर्मगुरू) शिमोन बार योखाय यांचा मानते, आधुनिक संशोधक त्याचं श्रेय मुख्यतः मोझेस दे लिओन आणि त्यांच्या वर्तुळाला देतात. सोळाव्या शतकात गालीलच्या डोंगरातलं सफेद हे गाव या विद्येचं केंद्र झालं. मोशे कोर्दोव्हेरो (१५२२–१५७०) आणि यित्सखाक लुरिया (१५३४–१५७२) तिथलेच. अठराव्या शतकात पूर्व युरोपातल्या हसिदी, म्हणजे भक्तीवर भर देणाऱ्या यहुदी चळवळीच्या, गुरूंनी ही विद्या पंडितांच्या खोलीतून साध्या माणसाच्या मनापर्यंत आणली.

दुसरा प्रवाह ख्रिस्ती प्रबोधनकाळातला. इटलीच्या पिको देल्ला मिरान्दोला याने १४८६ मध्ये मांडलेल्या ९०० सिद्धांतांत कब्बालाचा आधार घेतला आणि तिथून ती वाट सुरू झाली. तिसरा प्रवाह म्हणजे १८८८ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या ‘गोल्डन डॉन’ या मंडळापासून फोफावलेली पाश्चात्त्य जादूविद्या. दआत म्हणजे दरी, दरीवरचं दार, ही कल्पना या तिसऱ्या प्रवाहात वाढली. तिचा अभ्यास करायला हरकत नाही, पण ती झोहरची किंवा सफेदची शिकवण समजू नये. पुढच्या पायऱ्या यहुदी परंपरेच्या आहेत, आणि त्यातही हसिदी वाटेने जाणाऱ्या, कारण दआत ‘करायची’ कशी हे सर्वांत स्पष्ट त्यांनीच सांगितलं आहे.

दुसरी पायरी : झाड स्वतःच्या हाताने काढा

छापील आकृती वापरू नका. वहीच्या पानावर तीन उभे स्तंभ आखा. मधल्या स्तंभाच्या टोकाला केतेर म्हणजे मुकुट. उजव्या स्तंभात वरून खाली खोख्मा (प्रज्ञा), खेसेद (करुणा, देणं), नेत्साख (टिकाव). डाव्या स्तंभात बीना (आकलन), गेव्हुरा (कणखरपणा, मर्यादा), होद (तेज). मधल्या स्तंभात केतेरच्या खाली तिफेरेत (सौंदर्य, समतोल), मग येसोद (पाया), आणि सर्वांत खाली मालखुत (राज्य). हे झाले दहा. ‘खोख्मा’तला पहिला ख घशातून काढायचा, उर्दूतल्या ‘ख़ुदा’सारखा.

आता केतेर आणि तिफेरेत यांच्यामध्ये एक मोकळी जागा उरलेली दिसेल. खोख्मा आणि बीना यांच्या जोडीच्या थोडी खाली. तिथे तुटक रेषेने वर्तुळ काढा आणि ‘दआत’ लिहा. हाताने काढताना ही मोकळी जागा जशी जाणवते तशी तयार चित्र पाहून जाणवत नाही.

सेफिरा म्हणजे देव नव्हेत, देवता नव्हेत. अनंत परमेश्वराला कब्बालात ‘एन सोफ’ म्हणतात, ज्याला अंत नाही तो. त्याचं तत्त्व कुणालाही आकळत नाही. तो ज्या रीतींनी जगात प्रकट होतो त्या रीती म्हणजे सेफिरा. माणूस देवाच्या प्रतिमेत घडला आहे, या तोराच्या (बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांच्या) वचनामुळे त्याच रीती माणसाच्या मनातही आहेत असं कब्बाला मानते. म्हणून ही आकृती एकाच वेळी विश्वाची असते आणि तुमचीही.

सेफर्दी (मूळ स्पेन-पोर्तुगालच्या यहुद्यांच्या) प्रथेच्या घरांत आणि सिनेगॉगमध्ये ‘पातख एलियाहू’ नावाचा एक उतारा म्हटला जातो. त्यात संदेष्टा एलिया देवाला उद्देशून बोलतो. खेसेद उजवा हात, गेव्हुरा डावा हात, तिफेरेत धड, मालखुत मुख, खोख्मा मेंदू, बीना हृदय, असं सगळं शरीर तो सेफिरांवर बसवतो. आपल्या कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्रायल ज्या ‘एलियाहू हनाबी’ला मानतात आणि ज्याच्या नावाने मलिदा करतात, तोच हा एलिया. त्या उताऱ्यात दआतचं नाव नाही. पण ‘या सगळ्यांना बांधणारा आणि एक करणारा तू आहेस’ असं मात्र त्यात म्हटलं आहे. ते वाक्य वहीत टिपून ठेवा.

तिसरी पायरी : दहाच का, अकरा का नाहीत, हे एकदा नीट पाहा

‘सेफर येत्सिरा’ या फार जुन्या छोट्या ग्रंथात बजावून सांगितलं आहे : दहा, नऊ नव्हेत, दहा, अकरा नव्हेत. मग दआत कुठून आली?

यावर कब्बालाचं उत्तर असं की मोजण्याचे दोन प्रकार आहेत. वरून, प्रकाश उतरतो त्या बाजूने मोजलं तर केतेर धरायची आणि दआत सोडायची. माणसाच्या जाणिवेच्या आतून मोजलं तर केतेर सोडायची, कारण ती विचाराच्याही आधीची इच्छा आहे, डोक्याच्या वर असलेल्या मुकुटासारखी जाणिवेच्या बाहेर. तिच्या जागी दआत येते. दोन्ही एकत्र कधीच मोजल्या जात नाहीत. कोर्दोव्हेरोंच्या मांडणीत दआत ही स्वतंत्र अकरावी सेफिरा नाही. खोख्मा आणि बीना यांना जोडणारी ती आतली शक्ती आहे. जोडणीला स्वतःची अशी जागा नसते, म्हणून ती लपलेली.

हे पटकन समजलं नाही तरी अडून राहू नका. पुढच्या पायरीनंतर इथे परत या, तेव्हा ते सोपं वाटेल.

चौथी पायरी : चार वचनं वाचा

मराठी बायबल घेऊन जुन्या करारातली ही ठिकाणं काढा. नीतिसूत्रे ३:१९–२० : परमेश्वराने प्रज्ञेने पृथ्वीचा पाया घातला, आकलनाने आकाश स्थिर केलं, त्याच्या ज्ञानाने खोल जलाशय फुटले. निर्गम ३१:३ : रानातलं निवासस्थान बांधणाऱ्या कारागीर बसालेलला देवाने याच तीन गोष्टींनी भरलं. नीतिसूत्रे २४:३–४ : प्रज्ञेने घर बांधलं जातं, आकलनाने ते उभं राहतं आणि ज्ञानाने त्याच्या खोल्या मौल्यवान वस्तूंनी भरतात. तिन्ही ठिकाणी क्रम तोच, खोख्मा, बीना, दआत.

मराठी भाषांतरांत या तिन्हींसाठी ज्ञान, बुद्धी, विद्या असे शब्द आलटून पालटून येतात, म्हणून शब्दापेक्षा क्रमाकडे लक्ष द्या. मला तिसरं वचन सर्वांत जास्त शिकवून जातं. घर बांधून झालं, उभंही राहिलं, पण खोल्या रिकाम्याच असल्या तर त्यात कोण राहणार?

चौथं वचन उत्पत्ती ४:१. तिथे आदामाने हव्वेला ‘जाणलं’ आणि मूल झालं असं मूळ हिब्रूत आहे, आणि ‘जाणणं’ हे क्रियापद दआतच्याच धातूचं आहे. हसिदी गुरूंनी दआतची सगळी व्याख्या या वचनावर उभारली : दआत म्हणजे घट्ट जोडलं जाणं, असं की त्यातून काहीतरी नवं जन्माला यावं. ज्या ज्ञानातून काहीच जन्मत नाही ते त्यांच्या लेखी दआत नव्हे.

तालमूदमध्येही, म्हणजे यहुदी धर्मचर्चेच्या प्राचीन महाग्रंथात, दआतबद्दल एक वचन आहे, ज्याचा आशय असा : ज्याच्याकडे हे आहे त्याला कशाची उणीव? आणि ज्याच्याकडे हे नाही त्याने मिळवलं तरी काय? यहुदी माणूस रोजच्या प्रार्थनेत देवाकडे जे मागतो त्यात पहिलं मागणं दआतचं असतं. आरोग्य, पीकपाणी, न्याय हे सगळं त्याच्यानंतर. शनिवारी संध्याकाळी शब्बाथ (आठवड्याचा पवित्र विश्रांतीचा दिवस) संपल्यावर पवित्र आणि सामान्य यांतला फरक सांगणारे शब्दही याच मागण्यात घातले जातात. यरुशलेमी तालमूद त्याचं कारण देतो : दआत नसेल तर फरक करता येईल कसा?

पाचवी पायरी : खोख्मा, बीना, दआत यांतला फरक स्वतःच्या मनात ओळखा

इथे थोडं रेंगाळायला हवं, कारण विषयाचा गाभा इथे आहे.

१७९६ मध्ये रब्बी श्नेऊर झालमान (१७४५–१८१२) यांचा ‘तान्या’ हा ग्रंथ पहिल्यांदा छापला गेला. योगायोग असा की त्याच वर्षी मुंबईत सॅम्युएल एझिकेल दिवेकर यांनी बेने इस्रायल समाजाचं पहिलं सिनेगॉग, ‘शाआर हारखामीम’ म्हणजे दयेचं द्वार, उभं केलं. श्नेऊर झालमान यांच्या पंथाचं नाव ‘खबाद’, खोख्मा-बीना-दआत यांच्या आद्याक्षरांवरून पडलेलं. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात कुलाब्याच्या नरिमन हाऊसचं ‘छबाड हाऊस’ हे नाव महाराष्ट्रातल्या घराघरात पोचलं, ते हेच. त्या दुःखद बातम्यांमध्ये आपण जे नाव वाचत होतो त्याचं शेवटचं अक्षर दआतचं होतं.

तान्याच्या तिसऱ्या प्रकरणात मनाची रचना थोडक्यात सांगितली आहे. खोख्मा म्हणजे चमकून गेलेली पहिली जाण. शब्द नाहीत, फक्त लख्ख दिसणं. बीना ती जाण हातात घेते, उलगडते, तिची लांबी-रुंदी-खोली तपासते, ‘असं असेल तर मग तसंही असणार’ असं पुढे नेते. आपलं बहुतेक शिक्षण इथे संपतं. त्यानंतर काय? त्या समजलेल्या गोष्टीत मन घट्ट रोवून तिथेच थांबणं, हलू न देणं, म्हणजे दआत. श्नेऊर झालमान स्पष्ट सांगतात की माणूस कितीही प्रज्ञावान असो, कितीही आकलन असो, त्याने दआतने मन बांधून ठेवलं नाही तर त्याच्यात खरं प्रेम आणि खरा आदरयुक्त भाव जन्मणार नाही, नुसत्या पोकळ कल्पना जन्मतील. भावना, ज्यांना ‘मिदोत’ म्हणतात, त्यांचा प्राण दआतमध्ये आहे.

दआतच्या अभावाचं सर्वांत नेमकं उदाहरण यहुदी परंपरेत चोराचं आहे. भिंतीला भोक पाडून घरात शिरण्याच्या बेतात असलेला चोर देवाचा धावा करतो, मला यश दे म्हणून. त्याचा देवावर विश्वास आहे. देव ऐकतो, मदत करतो, हेही तो मानतो. आणि ज्या देवाने चोरी करू नको म्हटलं त्यालाच तो चोरीत साथ मागतो. हा माणूस ढोंगी नाही, त्याची श्रद्धा खरीच आहे. फक्त ती त्याच्या हातांपर्यंत उतरलेली नाही. खबाद गुरू हे उदाहरण पुन्हा पुन्हा देतात, आणि मला वाटतं ते नवख्याने आरशासारखं समोर ठेवावं.

लुरियाच्या परंपरेत याच गोष्टीचं आणखी एक चित्र आहे. मिसरमधली गुलामगिरी म्हणजे दआतचा वनवास. ‘फारो’ या नावाची हिब्रू अक्षरं फिरवली की ‘मान, मानेचा मागचा भाग’ असा शब्द होतो, आणि मिसरच्या हिब्रू नावात ‘अरुंद जागा’ दडलेली आहे. डोकं आणि हृदय यांच्यामध्ये हा अरुंद गळा. वरचं खाली उतरायचं तर इथूनच. फारो ते अडवून धरतो, आणि ज्याच्यात दआत मूर्त झाली तो मोशे ते सोडवतो.

वहीत आता एक काम करा. तुम्हाला पूर्ण पटलेली पण आचरणात नसलेली एकच गोष्ट लिहा. पाच नकोत, एक. ती पहिल्यांदा लख्ख केव्हा जाणवली ते लिहा, ही तिची खोख्मा. तिच्यातून काय काय निष्पन्न होतं ते अर्धं पान लिहा, ही बीना. मग विचारा, या गोष्टीपाशी मी न हलता कधी बसलो आहे का?

सहावी पायरी : रोज बसा

या बसण्याला ‘हितबोनेनुत’ म्हणतात. श्वास मोजायचे नाहीत, मन रिकामं करायचं नाही. उलट मन एका विचाराने भरायचं. ध्यानाच्या आपल्या सवयींपेक्षा हे वेगळं आहे, म्हणून सुरुवातीला ते ‘ध्यान’ वाटतच नाही, अभ्यास वाटतो. तसंच वाटायला हवं.

विचार कुठला घ्यायचा? यहुदी सकाळच्या प्रार्थनेतला एक विचार नवख्याला चांगला : देव रोज, सतत, सृष्टीचं काम नव्याने करतो. तान्याच्या दुसऱ्या भागात याचा विस्तार आहे. सृष्टी एकदाच घडून गेली आणि आता आपली आपण चालली आहे असं नाही. जो शब्द तिला अस्तित्व देतो तो क्षणभर मागे घेतला तर काहीच उरणार नाही.

पहिली काही मिनिटं हा विचार सावकाश वाचा, शक्य तर मोठ्याने. मग त्याची रुंदी घ्या. हे टेबल, बाहेरचा पिंपळ, माझा हात, माझा शेजारी, सगळ्यांना हे लागू. मग लांबी, म्हणजे तो विचार रोजच्या प्रसंगापर्यंत खाली आणा : ज्या माणसावर मी काल चिडलो त्यालाही याच क्षणी अस्तित्व दिलं जात आहे. मग खोली : हे खरं असेल तर ‘मी’ म्हणजे नक्की काय? एवढं झालं की नवे विचार जोडणं थांबवा. जे समोर आहे त्याच्याजवळ राहा. मन पळेल, त्याला परत आणा. पळालं म्हणून स्वतःवर चिडू नका, परत आणणं हेच दआतचं काम आहे.

सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटं पुरेत. एक विचार किमान महिनाभर बदलू नका. हे कठीण जातं, कारण रोज नवं वाचायची सवय असते आणि चौथ्या-पाचव्या दिवशी विचार शिळा वाटू लागतो. शिळा वाटतो तेव्हा बीनाचं काम संपलेलं असतं आणि दआतचं सुरू होणार असतं. बहुतेक जण नेमके इथे उठून दुसरं पुस्तक उघडतात.

प्रकाश दिसणं, आवाज ऐकू येणं, अंगावर शहारे येणं यांना महत्त्व देऊ नका. भावना उचंबळून आली तरी तिचीही नोंद ठेवायची गरज नाही. नोंद दिवसाच्या शेवटी ठेवायची : आज त्या एका गोष्टीत माझं वागणं बोटभर तरी सरकलं का?

ज्यांना असं विचाराने बसणं जमत नाही त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे. ब्रात्स्लाव्हच्या रब्बी नाखमान (१७७२–१८१०) यांनी रोज तासभर एकटं बसून देवाशी स्वतःच्या मातृभाषेत बोलायला सांगितलं. प्रार्थनेच्या ठरलेल्या हिब्रूत नाही, घरात जी बोलतो त्या भाषेत, कारण मन त्याच भाषेत मोकळं होतं. मराठी माणसाने हे मराठीतच करावं. मोठ्याने, पुटपुटत, जमेल तसं. काही सुचलं नाही तर ‘मला काही सुचत नाही’ एवढंच पुन्हा पुन्हा म्हणावं, असंही ते सांगतात.

सातवी पायरी : दोन्ही हातांनी वागून पाहा

दआतमध्ये खेसेद आणि गेव्हुरा दोन्ही सामावलेल्या असतात, म्हणजे जवळ घेणारं प्रेम आणि मर्यादा आखणारा कणखरपणा. आधीच्या विचाराशी याचा थेट संबंध आहे. नुसती भावना एकाच बाजूला धावते. जिच्या मुळाशी दआत आहे ती भावना कुठे द्यायचं आणि कुठे हात आखडायचा हे ओळखते. यहुदी धर्मशास्त्रात लहान मुलाला ‘दआत नाही’ म्हणतात आणि म्हणून त्याचा व्यवहार बांधील धरत नाहीत, त्याचं कारणही हेच. मूल हुशार असू शकतं, पण दोन बाजू तोलून निर्णयाला बांधून घेणं त्याला अजून येत नाही.

याचा सराव करायला वर्षातला एक काळ ठरलेला आहे. पेसाख (वल्हांडण) सणाच्या दुसऱ्या रात्रीपासून शावुओत सणापर्यंतचे ४९ दिवस, ज्यांना ओमेर म्हणतात. मिसरमधून सुटका झाल्यापासून सिनाय पर्वतावर तोरा मिळेपर्यंतचा हा काळ. खेसेदपासून मालखुतपर्यंतच्या सात सेफिरांचे सात आठवडे, आणि प्रत्येक आठवड्यात पुन्हा त्याच सातांचे सात दिवस. ‘गेव्हुरातली खेसेद’ या दिवशी विचारायचं : मी जिथे कडक असतो तिथे त्या कडकपणात समोरच्याबद्दल माया असते का? ‘खेसेदमधली गेव्हुरा’ या दिवशी : माझ्या देण्याला मर्यादा आहे का, की मी दुसऱ्याला पांगळं करतो आहे? मोजणीचा आशीर्वाद म्हणणं हे यहुदी माणसाचं व्रत आहे, ते आपण उचलू नये. पण हे ४९ प्रश्न घेऊन स्वतःची झडती घ्यायला कुणाचीच आडकाठी नाही.

आठवी पायरी : कुठे थांबायचं ते आधीच ठरवा

तालमूदमध्ये चौघांची गोष्ट आहे. चौघे ‘पार्देस’मध्ये, गूढ ज्ञानाच्या बागेत गेले. बेन अझ्झाय पाहून मेला, बेन झोमाचं भान हरपलं, तिसऱ्याने रोपटी कापली म्हणजे तो धर्मापासून तुटला. एकटे रब्बी अकिवा सुखरूप गेले आणि सुखरूप परतले. १६६५–६६ मध्ये शब्बताय झ्वी नावाच्या माणसाने स्वतःला मसीहा म्हणवून घेतलं, कब्बालाच्या आधारावर लाखोंच्या आशा पेटल्या, आणि शेवटी त्याने तुर्की सुलतानापुढे इस्लाम स्वीकारला. ती जखम खोल होती. १७५६ मध्ये पोलंडमधल्या ब्रोदी इथे धर्ममंडळाने तिशीआधी झोहर आणि चाळिशीआधी लुरियाची शिकवण वाचायला बंदी घातली. खुद्द लुरिया अडतिसाव्या वर्षी गेले, हे त्या बंदीबरोबर लक्षात ठेवावं.

आपल्या पुण्यातही या वादाचा एक पडसाद उमटला होता. १८८० च्या दशकात तिथले बगदादी यहुदी अब्राहम डेव्हिड एझिकेल, जे थिऑसॉफिकल सोसायटीचे सदस्य होते, त्यांनी झोहरमधला ‘इद्रा झुता’ हा रब्बी शिमोन यांच्या अखेरच्या दिवसाचा भाग लोकांच्या बोलीत, यहुदी-अरबीत आणून छापला. गूढ ग्रंथ असा सर्वांसमोर उघडा केल्यामुळे बगदादच्या धर्मपंडितांनी त्याला कडाडून विरोध केला. मला या वादात दोन्ही बाजूंबद्दल आदर वाटतो. ज्ञान लोकांच्या भाषेत यावं ही ओढ आपल्याला नवी नाही. पण तयारी नसलेल्या मनाला हे ग्रंथ खरोखर इजा करू शकतात, ही भीतीही खोटी नाही.

म्हणून नवख्याने काही गोष्टींपासून लांब राहावं. देवाच्या नावांचे जप, ताईत, देवदूतांना बोलावणं, ज्याला ‘व्यावहारिक कब्बाला’ म्हणतात ते सगळं सोडून द्या. सफेदच्या गुरूंनीही त्यापासून परावृत्तच केलं आहे. दआत ‘उघडून’ देतो म्हणून पैसे मागणाऱ्यापासून दूर राहा. दआत आणि विशुद्धी चक्र एकच, सेफिरा म्हणजे आपली चक्रंच, अशी समीकरणं निदान वर्षभर करू नका. साम्यं दिसतील, काही खरीही असतील, पण घाईने जुळवलं की दोन्ही परंपरा धूसर होतात आणि एकीचंही आकलन खोल जात नाही. आणि झोप उडाली, मनात सतत भीती राहू लागली किंवा नसलेले आवाज ऐकू येऊ लागले तर बसणं त्या दिवशीच थांबवा आणि डॉक्टरांना भेटा. यात कमीपणा काही नाही.

एक शिष्टाचारही पाळा. कब्बाला ही जिवंत समाजाची ठेव आहे. मुंबईची सिनेगॉग किंवा पुण्याचं ‘लाल देऊळ’ म्हणून ओळखलं जाणारं ओहेल डेव्हिड पाहायचं असेल तर आधी परवानगी घ्या, डोकं झाकून जा, आणि तिथल्या लोकांना गूढ विद्येबद्दल खोदून विचारू नका. ती प्रार्थनेची जागा आहे.

नववी पायरी : पुढे काय वाचायचं

झोहरपासून सुरुवात करू नका. त्याची इंग्रजी भाषांतरं आज सहज मिळतात, पण प्रतीकांची ओळख नसताना ते वाचणं म्हणजे गोंधळ ओढवून घेणं. पहिलं पुस्तक कोर्दोव्हेरोंचं ‘तोमेर दव्होरा’ घ्या. अगदी छोटं आहे. प्रत्येक सेफिरासारखं माणसाने वागायचं कसं एवढंच त्यात आहे. केतेरच्या पहिल्या प्रकरणात क्षमेबद्दल जे लिहिलं आहे ते वाचून कुणीही थबकावं : माणूस देवाने दिलेलीच शक्ती वापरून देवाचा अपराध करत असतो, तरी देव त्या क्षणी ती शक्ती काढून घेत नाही, अपमान सोसत त्याला जगवत राहतो. तुम्हीही तसं वागा, असं कोर्दोव्हेरो म्हणतात. सहाव्या पायरीतला विचार घेऊन महिनाभर बसलेल्या माणसाला हे परिच्छेद ओळखीचे वाटतील. दआतचं वेगळं प्रकरण त्यातही नाही.

त्यानंतर तान्याची पहिली तीन प्रकरणं, आणि मग बारावं, ज्यात मधल्या स्थितीतल्या माणसाचं वर्णन आहे : वासना पूर्ण गेलेल्या नाहीत, पण विचार, बोलणं आणि कृती यांवर त्यांचा ताबा नाही. हे ध्येय आपल्या आवाक्यातलं म्हणून ग्रंथकाराने ठेवलं आहे. इतिहास समजून घ्यायचा असेल तर जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात या विषयाचा आधुनिक अभ्यास उभा करणारे गेर्शोम शोलेम (१८९७–१९८२) यांचं लेखन वाचा. ते श्रद्धेने लिहीत नाहीत, पण त्यांच्यामुळे कुठलं मत कुठल्या शतकातलं हे कळतं. लुरियाची रचना त्यानंतर, आणि शक्यतो जाणत्या माणसाबरोबर.

एकट्याने वाचू नका. यहुदी अभ्यासाची जुनी रीत दोघांनी समोरासमोर बसून वाचण्याची आहे, तिला ‘खव्रुता’ म्हणतात. एकाने वाक्य वाचायचं, आपल्या शब्दांत सांगायचं, दुसऱ्याने अडवायचं, शंका काढायची. जोडीदार मित्र असो, बहीण असो, नवरा-बायको असोत. त्याला या विषयात गती नसली तरी चालेल, फक्त समजलं नाही तर ‘समजलं नाही’ म्हणण्याइतका तो प्रामाणिक हवा. आठवड्यातून एक वार ठरवा, एकाच वेळी पानभरापेक्षा जास्त घेऊ नका, आणि बैठक संपताना दोघांनी पाचव्या पायरीत लिहिलेली आपापली एक गोष्ट एकमेकांना सांगा आणि आठवडाभरात ती कुठे अडली ते विचारा.